शालिग्राम मिस्त्री आणि गार इंजिन

शालिग्राम मिस्त्रींकडे मोटारसायकल दाखवायला जाणाऱ्याने अंथरूण-पांघरूण बरोबर न्यावं, असं जळगावात थट्टेने म्हणत. आणि त्यात थट्टेचा भाग फारसा नव्हता. प्लग साफ करायचा असेल, साखळी ताणायची असेल, तर मिस्त्री उभ्याउभ्या करून देत. पण वाल जुळवायचे म्हटलं की ते दोन्ही हात पाठीमागे घेत, ताप आलेल्या पोराकडे पाहावं तसं इंजिनाकडे पाहत आणि म्हणत, "ठेवून जाय. सकाळी ये. इंजिन गार पाहिजे."

का, असं विचारलं तर ते सांगत, आणि नाही विचारलं तरी सांगत. इंजिनाच्या डोक्यात दोन झडपा असतात. एक पेट्रोलची वाफ आत घेते, दुसरी धूर बाहेर सोडते. या झडपा म्हणजे मिस्त्रींचे वाल. खालून दोन बारीक दांड्या त्यांना उचलतात. या दांडीला नावापुरती मोकळीक लागते: दोन बोटांत धरून फिरवली तर फिरली पाहिजे, पण वर-खाली केसभरही हलता कामा नये. जास्त मोकळी राहिली तर गाडी टिकटिकते. जास्त ताठ बसली तर वाल पुरता मिटत नाही, उघड्या तोंडाने जळत बसतो, आणि गाडीवाल्याला वाटतं, वा, काय गप्प चालते! तापल्यावर सिलिंडर दांड्यांपेक्षा जास्त फुगतं आणि मोकळीक आहे त्याहून जास्त वाटते, म्हणून हे काम रात्रभर निवलेल्या इंजिनावरच करायचं. "टिकटिकली तं सांगते तरी बिचारी," मिस्त्री म्हणत. "गप्प झाली का समजा, आत काहीतरी जळून राह्यलं."

धुळ्याचे जीवराम कंत्राटदार एकदा ऐन वैशाखात दुपारी गाडी घेऊन आले. सकाळपर्यंत थांबण्याचा त्यांना कंटाळा. मिस्त्री चहाला आत गेल्याचं पाहून त्यांनी विहिरीच्या पाण्याची अख्खी बादली तापलेल्या इंजिनावर ओतली आणि वाफेच्या ढगातून ओरडले, "थंडी व्हई गयी ना गाडी, मिस्तरी! आते लावा हात!" मिस्त्रींनी हात लावला नाहीच, वर पुढचे तीन महिने जीवरामांशी बोलणंही टाकलं. त्यांच्या मते माणसावर बादली ओतली असती तर एक वेळ चाललं असतं.

असा हा करारी माणूस. पण उभ्या खानदेशाला इंजिन गार होऊ द्यायला शिकवणाऱ्या या माणसाने स्वतः तरुणपणी एकही इंजिन गार होऊ दिलं नव्हतं. घरची केळीची शेती भावांवर सोडून लढाईच्या दिवसांत लष्कराच्या वर्कशॉपात भरती झाले, तिथे साहेब घड्याळ हातात घेऊन डोक्यावर उभा. तापल्या सिलिंडरला बोटं लावल्याशिवाय गत्यंतर नसे. पुढे जळगावात स्वतःचं दुकान घातलं तरी ती खोड गेली नाही. दहा-बारा वर्षांत बोटांची टोकं लाकडासारखी झाली. कढत चहाचा पितळी पेला ते आरामात धरून बसत आणि पाहुणे कौतुक करत. कौतुक करण्यासारखं त्यात काही नव्हतं. बोटांना कळतच नव्हतं.

चहाचं ठीक होतं; दांडीचं काय? दांडी फिरते की अडते, हलते की नाही, हे सगळं बोटांनीच कळायचं. त्रेपन्न साली लागोपाठ दोन गाड्या मिस्त्रींच्या हातून चुकून गेल्या आणि परत आल्या. तिसऱ्या गाडीपाशी ते पहाटे घाम पुसत बसले होते, तेव्हा चहा घेऊन आलेल्या त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलीने, सुनंदाने, सहज दांडीला बोट लावलं आणि म्हणाली, "आबा, हे तं हालून राह्यलं." मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि पाना तिच्या हातात दिला.

तेव्हापासून पाच वर्षं शालिग्राम मिस्त्रींच्या वालांचं नाव पाचोऱ्यापासून रावेरपर्यंत गाजत होतं, आणि ते सुनंदाच्या बोटांवर गाजत होतं. इंजिन गार पाहिजे हे खरंच होतं. पण सकाळी काम चालू असताना गाडीवाल्याने अंगणात पाऊल टाकायचं नाही, हा जो दुसरा नियम मिस्त्रींनी मागाहून जोडला होता, तो इंजिनासाठी नव्हता. मुलीने जुळवलेल्या गाडीवर बसायला कोण धजणार? आणि गाड्यांचे वाल जुळवणारी मुलगी सून म्हणून कोण नेणार? एका गोष्टीने मिस्त्रींचं नाव जाणार होतं, दुसरीने मुलीचं लग्न राहणार होतं. म्हणून हे गुपित घरातल्या तिघांतच होतं.

त्या तिघांतल्या शेवंताबाई, म्हणजे मिस्त्रींच्या पत्नी, अलीकडे हे गुपित सांभाळून थकल्या होत्या. सुनंदाला एकोणिसावं लागलं होतं. तिची नखं राखेने आणि लिंबाने घासून घासून शेवंताबाईंचेच हात झिजले होते. स्थळं येत होती. अडचण अशी की ती गाडीवरून येत होती. यावलचे पाहुणे जीपमधून आले, तर मिस्त्रींनी मुलाचं शिक्षण विचारण्याआधी जीपचं ऑइल कधी बदललं ते विचारलं, आणि उत्तर ऐकून, "मंग तुमच्या घरात कोनाले कशाची काळजीच नही म्हना," असं म्हणाले. पाहुण्यांनी चहा अर्धा टाकला. धरणगावचा मुलगा मोटारसायकलवरून आला. मिस्त्रींनी त्याला दारातच सांगितलं, की ज्याला आपल्या गाडीचा खडखडाट ऐकू येत नाही त्याला बायकोचं बोलणं काय ऐकू येणार. तो मुलगा तर खालीही उतरला नाही.

"तुम्हाले पोर द्याचीच नही," शेवंताबाई म्हणाल्या.

"म्या काय खोटं बोल्लो?" मिस्त्री उसळले.

खोटं ते बोलले नव्हतेच. यंत्राच्या बाबतीत शालिग्राम मिस्त्री जन्मात कधी खोटं बोलले नव्हते. पण हे खरं बोलणं नेमकं मुलगी पाहायला आलेल्यांपुढेच एवढं उतू का जातं, हा विचार मनात आला की ते घाईघाईने कुठला तरी नट घट्ट करायला बसत.

अठ्ठावन्न सालच्या मे महिन्यात सावद्याचं स्थळ आलं. रुपचंदभाऊंची केळीची बाग मोठी, पंडित हा एकुलता एक मुलगा, घर आपल्यातलंच. "ही तिसरी जागा हाये," शेवंताबाईंनी सकाळीच बजावलं. "गाडीबद्दल एक शब्द काढसान तं मी माहेरी चालली जाईन."

दुपारी चारच्या सुमारास पाहुणे आले. रुपचंदभाऊ स्वतः बुलेट चालवत होते. मागे पंडित, मांडीवर केळ्यांची पिशवी घेऊन. मिस्त्री दारात उभे राहून कान देत होते. गाडी कोपऱ्यावर वळली, गल्लीत शिरली, दारासमोर थांबली, आणि मिस्त्रींचा चेहरा पडला. गाडीला आवाजच नव्हता. म्हणजे फाटफाट होती, पण तिच्या आतून जी बारीक कुजबूज ऐकू यायला हवी, ती नव्हती.

मुलगी पाहण्याचा कार्यक्रम रीतसर झाला. सुनंदाने चहा आणला, नाव सांगितलं, मांडे करता येतात असं सांगितलं. पंडितने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा कपबशीत पाहिलं. रुपचंदभाऊंनी सुपारी कातरली आणि उठता उठता म्हणाले, "बरं हाये. पत्र टाकतो." त्या उन्हाळ्यात त्यांनी सहा मुली पाहिल्या होत्या आणि सहाही घरी पत्र टाकतो म्हणून सांगितलं होतं. पोस्टमनला मात्र त्यापायी एकदाही चालावं लागलं नव्हतं. शेवंताबाईंना हे ठाऊक होतं. त्या पदराचं टोक चावत उभ्या राहिल्या.

बाहेर गाडीपाशी आल्यावर रुपचंदभाऊंनी टाकीवर हात फिरवला. "मिस्त्री, तुम्ही मोठे जाणकार. पाहा बरं. आवाज म्हून नही! अन किक इतकी मऊ, का लहान पोरगंबी मारीन. मागच्या महिन्यात एका मिस्त्रीनं उभ्याउभ्या वाल जुळवून देल्हे. तुमच्यासारखं रातभर थांबा-बिंबा काही नही."

मिस्त्रींनी दातांवर दात दाबले. दारातून शेवंताबाईंचे डोळे त्यांच्या पाठीला टोचत होते. "छान," ते म्हणाले. मग राहवेना. "सकाळी चालू होते का?"

"सकाळी सालदार ढकलतो."

"किती?"

"ढकलतो बा, पाण्याच्या टाकीपोत."

"अहो, वाल जळून राह्यला तुमचा!" मिस्त्री ओरडले. "तापल्या इंजिनावर जुळवले त्यानं! गार झाल्यावर दांड्या ताठ होतात, वाल मिटत नही, म्हून किक मऊ!"

शेवंताबाईंनी डोळे मिटले. तिसरी जागा गेली.

पण रुपचंदभाऊ रागावले नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला. या माणसाला बाग, मुलगा आणि बुलेट अशा तीन गोष्टी प्रिय होत्या, आणि यातला क्रम त्यांच्या घरातल्यांना विचारू नये असा होता. "घरी जाईन का ही?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"जाईन. आज जाईन, उद्याही जाईन. पन जितकी चालवसान तितका वाल जळीन."

"मंग करून द्या आत्ताच."

मिस्त्रींचे दोन्ही हात पाठीमागे गेले. "इंजिन गार पाहिजे. सकाळी."

शेवंताबाईंनी डोळे उघडले. त्यांच्या ध्यानात असं काही आलं होतं, जे अंगणातल्या तिन्ही पुरुषांच्या ध्यानात अजून आलं नव्हतं. त्यांच्या लोकांत रीत अशी, की मुलगी पाहायला गेलेल्याने चहा घ्यावा, सुपारी खावी, पण ताटावर बसू नये. ताटावर बसला म्हणजे सोयरीक पक्की. आणि हे दोघे आता रात्रभर इथेच राहणार होते, कारण गाडी सोडून धर्मशाळेत जायला रुपचंदभाऊ तयार नव्हते. शेवंताबाई आत गेल्या आणि मांड्यांचं खापर चुलीवर चढवलं.

संध्याकाळी अंगणात दोन बाजा टाकल्या, मध्ये बुलेट. खापरावरच्या मांड्यांचा वास स्वयंपाकघरातून निघाला तो सरळ त्या बाजांवर येऊन बसला. पाठोपाठ आंब्याचा रस काढल्याचा वास. "बसा जेवाले," मिस्त्री म्हणाले. "नको नको, भूकच नही," असं म्हणून रुपचंदभाऊंनी पिशवी उघडली. बाप-लेकांनी तीन तीन केळी खाल्ली. पंडितने त्या दिवसातलं आपलं पहिलं पूर्ण वाक्य तेव्हा उच्चारलं. "नाना," तो म्हणाला, "मले भूक लागली." रुपचंदभाऊंनी त्याला चौथं केळं दिलं.

सकाळी अंगण झाडायच्या वेळेला मिस्त्री उठले. शेवंताबाईंनी आदल्या दिवशीच ताकीद दिली होती, आज सुनंदा अंगणात दिसता कामा नये. मिस्त्रींनी झाकणाचा नट काढला, पिस्टन वर आणला, आणि दांडीला बोटं लावली. अंगठा लावला, मधलं बोट लावलं, डावा हात लावून पाहिला. सळईला काठी लावावी तसं, काही कळेना. दोन्ही बाजांवरून घोरण्याचा आवाज येत होता. झाकण लावून "झालं" म्हटलं असतं, तर रुपचंदभाऊंना पुढच्या पंधरवड्यापर्यंत कळलं नसतं, आणि तोवर कदाचित पत्रही आलं असतं. मिस्त्री दांडी धरून तसेच बसून राहिले.

"सरका, आबा." सुनंदा शेजारी येऊन बसली. तिने दांडी चिमटीत धरली. "लई ताठ हाये. फिरतच नही." पाना लावून तिने खालचा नट अर्धा फेरा सैल केला, पुन्हा चिमटीत धरून पाहिलं, पाव फेरा आवळला. तिची जीभ दातांत आली होती, लहानपणी पाटीवर लिहिताना यायची तशी. मिस्त्री तिच्याकडे पाहत होते, आणि घोरण्याचा एक आवाज बंद झाल्याचं त्यांच्या तिखट कानांनाही कळलं नाही.

"हे काय चालू हाये?" रुपचंदभाऊ हातात तांब्या घेऊन मागे उभे होते.

"दिवा धराले बोलावली तिले!" दारातून शेवंताबाई ओरडल्या. दिवा कुठेही नव्हता. ऊन अंगणात उतरलं होतं.

मिस्त्री उठून उभे राहिले. हो, दिवा धरायला, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण समोर इंजिन उघडं होतं, आणि उघड्या इंजिनापुढे त्यांची जीभ खोट्याकडे वळेना. "काम तिचं हाये," ते म्हणाले. "माझ्या बोटाले पाच वर्सांपासून काही कयत नही, रुपचंदभाऊ. माझं जे नाव तुम्ही ऐकलं, ते हिच्या हातानं झालं. आता काय म्हनाचं ते म्हना." बोलता बोलता त्यांच्या मनात आलं, आता हे लोक जातील आणि पोर घरीच राहील. त्या विचाराने क्षणभर बरं वाटलं, आणि मग त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की मान खाली गेली. धरणगावच्या मुलाच्या गाडीचा खडखडाट खरं म्हणजे एवढा काही वाईट नव्हता.

रुपचंदभाऊंनी तांब्या खाली ठेवला, धोतर सावरलं आणि गाडीशेजारी उकिडवे बसले. "मले दाखव," ते सुनंदाला म्हणाले.

तिने सरकून जागा दिली. "दोन बोटांत धरा, मामा. फिरवा. फिरते?"

"फिरते."

"आता वर-खाली करा."

"हालत नही."

"असं पाहिजे."

रुपचंदभाऊंनी दांडी आणखी तीनदा फिरवली. एक वर्ष या गाडीवर बसून तिच्या पोटात त्यांनी पहिल्यांदाच हात घातला होता. ते उठले, हात झटकले आणि दाराकडे पाहून म्हणाले, "वहिनी, रात्रीचे मांडे उरले का?"

शेवंताबाई पदर खोचत आत धावल्या. बाजेवरचा पंडित, जो मघापासून झोपलेला होता, तो एकदम उठून पाय धुवायला गेला.

"जाय, हात धू," मिस्त्री सुनंदाला म्हणाले. "पानं तूच वाढ."

"एक दांडी राह्यली, आबा. मी लगेच येते."

"ती मी पाहतो. जाय तू."

सुनंदा जागची हलेना. उद्या ती सावद्याला गेल्यावर या दांड्या कोण धरणार, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर इतका उघड होता की मिस्त्रींनी तिकडे पाहायचं टाळलं आणि बसून पाना हातात घेतला. ती आत गेली. मिस्त्रींनी दुसरी दांडी चिमटीत धरली. नट सैल केला, आवळला, पुन्हा सैल केला. बोटांना काही म्हणजे काही कळलं नाही.

आतून ताटल्यांचा आवाज आला, आणि त्यामागून तिचा. "आबा, कयलं का बोटाले?"

"कयलं!" मिस्त्री ओरडून म्हणाले. "एकदम बरोबर बसली!" आणि त्यांनी झाकण लावून टाकलं.

जेवणं झाली. रुपचंदभाऊंनी पाच मांडे खाल्ले, पंडितचे कुणी मोजले नाहीत. निघताना रुपचंदभाऊंनी किक मारली. ती चांगली जड लागली, आणि सालदाराशिवाय गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. आणि तिच्या पोटातून स्वच्छ, मोठ्याने, टिकटिक, टिकटिक ऐकू येऊ लागलं.

सगळ्यांनी ऐकलं. आवाजाचा एवढा तिटकारा असलेल्या रुपचंदभाऊंनी मिस्त्रींकडे पाहिलं, दारात उभ्या असलेल्या सुनंदाकडे पाहिलं, आणि गियर टाकला. "आवाज म्हून नही, मिस्त्री!" ते म्हणाले, आणि गाडी भुसावळच्या रस्त्याला लागेपर्यंत टिकटिकत गेली.

सुनंदा ओले हात पदराला पुसत बापाजवळ आली. "चांगली बसली, आबा," ती म्हणाली.

मिस्त्रींनी मान हलवली. त्यांना फार रडू येत होतं. लेकीसमोर नको, म्हणून पाना शोधायच्या निमित्ताने ते दुकानात गेले आणि खोक्यांमागे बराच वेळ शोधत राहिले. पाना त्यांच्या हातातच होता.